चौदा फुटांत दोन वाटा

आमचे किराणा दुकान बार्शीत आहे आणि ते आतून १४ फूट रुंद व ४२ फूट खोल आहे. हे आकडे आधीच सांगून टाकते, कारण गेली दोन वर्षे माझे बरेचसे डोके याच दोन आकड्यांमध्ये अडकून पडलेले आहे. पूर्वी दुकानाच्या तोंडाशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी काउंटर होता. गिऱ्हाईक पायरीवर उभे राहून यादी वाचत असे आणि आमचे मामा आतून एकेक जिन्नस काढून देत असत. मामा नात्याने आमच्यापैकी कोणाचेच मामा नाहीत, पण तीस वर्षे ते दुकानात आहेत आणि माझ्या सासऱ्यांखालोखाल दुकान कोणाला पाठ असेल तर ते त्यांनाच. सासऱ्यांना घरात आणि पेठेत सगळेच अण्णा म्हणतात. गिऱ्हाइकाने स्वतः आत येऊन माल घ्यावा असे दुकान करायचे ठरले, तेव्हा नकाशा आखण्याचे काम माझ्याकडे आले. लग्नाआधी मी पुण्यात दोन वर्षे एका मोठ्या दुकानात हिशेबाला होते, एवढ्याच भांडवलावर.

आमच्या जुन्या दुकानाला काही मांडणीच नव्हती असे मला तेव्हा वाटत होते. सामान हलवायला घेतल्यावर तो समज गेला. साखर, चहापत्ती, शेंगदाणे आणि तूरडाळ हे चार जिन्नस मामांच्या उभे राहण्याच्या जागेपासून दोन पावलांच्या आत होते, कारण दहांतल्या आठ याद्यांमध्ये ते असणारच. सुतळीचे रीळ डोक्यावर टांगलेले होते आणि तिचे टोक बरोबर काट्यावर लोंबत असे, म्हणजे पुडा बांधताना मान वर करावी लागत नव्हती. राख्या, पणत्या, पिचकाऱ्या असा वर्षातून एकदा लागणारा माल पोटमाळ्यावर होता. तेलाचे डबे मोरीच्या बाजूला, फरशी धुता यावी म्हणून. हे कोणी कागदावर काढलेले नव्हते, पण त्यातला प्रत्येक इंच विकणाऱ्याच्या हाताला सोयीचा होता. नव्या दुकानात ही सोय घेणाऱ्याच्या डोळ्यांना द्यायची होती, आणि मामांच्या डोक्यात असलेली यादी फळ्यांवर उतरवायची होती. मराठीत सामान लावण्याच्या क्रियेलाही मांडणी म्हणतात आणि भांडी ठेवण्याच्या फळ्यांनाही मांडणीच म्हणतात. मी त्या काळात दोन्ही अर्थांनी मांडणीचाच विचार करत होते.

जगात ही उलटापालट आमच्या शंभर वर्षे आधी झाली. अमेरिकेतही पूर्वी वाणसामान काउंटरमागचा नोकरच काढून देत असे. ६ सप्टेंबर १९१६ रोजी क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थाने टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन त्याला आत सोडले. पुढच्याच वर्षी त्याला दुकानाच्या या रचनेचे पेटंट मिळाले. त्याचा नकाशा पाहिला तर युक्ती लगेच ध्यानात येते: फिरत्या फाटकातून आत गेलेला माणूस एकाच नागमोडी वाटेने सगळ्या फळ्यांसमोरून चालत जातो आणि पैसे देण्याच्या जागी बाहेर पडतो, मध्ये सुटायला वाट नाही. या सॉन्डर्सची पुढची हकिगतही मजेची आहे. शेअर बाजारातल्या झटापटीत त्याच्या हातून कंपनी गेली आणि १९३७ मध्ये त्याने मेम्फिसमध्येच नव्या तऱ्हेचे दुकान काढले, ज्यात माल पुन्हा काचेआड गेला होता आणि गिऱ्हाइकाने किल्ली लावून निवडलेल्या वस्तू पट्ट्यावरून त्याच्याकडे येत होत्या. ते दुकान काही चालले नाही. पण ज्याने जगाला आपल्या हाताने माल घ्यायला शिकवले, त्यालाही माल पुन्हा आड ठेवण्याचा मोह झाला, हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांना फार बरे वाटले.

आमची पहिली चूक रुंदीत झाली. रॅक विकणाऱ्या माणसाने संगणकावर रंगीत चित्र काढून आणले होते. दोन्ही भिंतींना रॅक आणि मध्ये दुहेरी रॅकच्या दोन ओळी, असे ते चित्र होते, आणि त्यात चालणारी माणसे बरीच सडपातळ होती. १४ फूट म्हणजे १६८ इंच. भिंतींचे रॅक प्रत्येकी १६ इंच, मधल्या ओळी प्रत्येकी २४ इंच, म्हणजे ८० इंच लाकूड-लोखंडाला गेले आणि उरलेल्या ८८ इंचांत तीन वाटा, प्रत्येकी जेमतेम २९ इंचांची. हा हिशेब मी पाचवीतल्या मुलासारखा कागदावर मांडू शकले असते, पण मांडला नाही, कारण चित्रात फळ्या पुष्कळ दिसत होत्या आणि फळ्या म्हणजे माल, माल म्हणजे विक्री, असे आम्हा सगळ्यांना वाटत होते.

दिवाळीला तीन आठवडे राहिले असताना दुकान सुरू झाले. पाच-सहा दिवसांनी मी मधल्या वाटेच्या तोंडाशी उभी होते. साडी नेसलेल्या एक काकू खालच्या फळीवरचे पातळ पोहे पाहायला उकिडव्या बसल्या. एका हाताने त्यांनी पदर सावरला होता आणि दुसऱ्या हाताने पुडा उचलून पोह्यांत चुरा किती आहे ते त्या उजेडाकडे धरून पाहत होत्या. तेवढ्यात मागून एक मुलगा टोपली घेऊन गेला आणि टोपलीची कड त्यांच्या पाठीला लागली. त्या सरकल्या. मग समोरून दोघी आल्या आणि ‘जरा जाऊ द्या’ म्हणाल्या. काकू उठल्या, पुडा जिथे होता तिथे ठेवला आणि वाटेबाहेर येऊन काउंटर शोधू लागल्या, जो आम्ही काढून टाकला होता. शेवटी पोहे न घेताच त्या गेल्या. पॅको अंडरहिल नावाच्या अमेरिकन निरीक्षकाने न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स या दुकानात नेमके हेच टिपलेले आहे: दाराजवळच्या वर्दळीच्या वाटेवर टायांचा रॅक होता, आणि मागून एक-दोन धक्के लागले की टाय पाहणारा माणूस, विशेषतः बाई, पाहणे सोडून निघून जात असे. ते मी पूर्वी वाचलेले होते. वाचलेले आणि दिसलेले एकत्र यायला मात्र पोह्यांचा पुडा परत फळीवर जावा लागला.

दिवाळी तशीच रेटली. पाडव्यानंतर एके रात्री शटर ओढून आम्ही मधली एक ओळ पूर्ण काढली आणि दुसरी मध्यावर आणली. आता २४ इंच आणि ३२ इंच वजा जाता ११२ इंच उरले, म्हणजे दोन वाटा, प्रत्येकी चार फूट आठ इंचांची. एक बाई उकिडवी बसली तरी तिच्या मागून टोपली घेतलेले माणूस न लागता जाते. या वेळी रॅक हलवण्याआधी मी फरशीवर खडूने रेघा मारल्या, घरातल्या चौघांना त्यांत चालायला लावले आणि जाऊबाईंना मुद्दाम मुलाला कडेवर घेऊन यायला सांगितले. सुमारे २८ फुटांची अख्खी ओळ गेल्यामुळे माल कुठे मावणार, ही अण्णांची काळजी रास्त होती. मी फळ्यांवरचे नमुने मोजले तेव्हा आंघोळीचे साबण २३ तऱ्हेचे निघाले. त्यातले नऊ ठेवले. कोणी तक्रार केली नाही, फक्त एका सेल्समनने केली.

गल्ला कुठे असावा यावर आमच्यात सगळ्यात जास्त दिवस गेले. आमचे दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे. रॅकवाल्याच्या चित्रात गल्ला आत शिरताच डाव्या हाताला होता, म्हणजे त्यावर बसणाऱ्याचे तोंड दक्षिणेकडे. अण्णांनी चित्र पाहिले आणि एकच वाक्य बोलले, ‘गल्ल्यावरच्या माणसाचं तोंड उत्तरेला पाहिजे.’ उत्तर ही कुबेराची दिशा. पन्नास वर्षे त्या दिशेकडे तोंड करून बसलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून गल्ला उजव्या भिंतीला गेला. तो तिथे गेल्यावर मात्र सगळ्या दुकानाचा प्रवाह आपोआप लागला. रस्त्यावर डावीकडून चालण्याची सवय असलेला माणूस आत आल्यावरही डाव्या वाटेनेच आत जातो, मागच्या टोकाला वळतो आणि उजव्या वाटेने परत येऊन गल्ल्यापाशी पोहोचतो. शिवाय उन्हाळ्यात दुपारी चारनंतरचे आमच्याकडचे ऊन तिरके येऊन उजव्या भिंतीच्या पहिल्या सहा फुटांवर पडते. तिथे बिस्किटे-चॉकलेटे असती तर त्यांचा लगदा झाला असता. आता तिथे अण्णा आहेत, आणि त्यांच्यासाठी एप्रिलमध्ये वाळ्याचा पडदा लागतो.

मधली ओळ साडेचार फुटांपेक्षा उंच करायची नाही, हे मी पुण्यात शिकलेले होते. त्यामुळे गल्ल्यावरून पलीकडच्या माणसाचे डोके दिसते, दिव्यांचा उजेड अडत नाही आणि दुकान विहिरीसारखे वाटत नाही. भिंतींचे रॅक सात फुटांचे आहेत, पण सहा फुटांच्या वरच्या फळीवर विक्रीचा माल ठेवणे व्यर्थ आहे, कारण आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांचा हात तिथे पोचत नाही आणि कोणाकडून काढून मागण्याइतके ते अजून नव्या मांडणीत रुळलेले नाहीत. तिथे आम्ही साठा ठेवतो. सगळ्यात खाली पाच आणि दहा किलोच्या पिशव्या आणि तेलाचे कॅन. जड वस्तू वरून पडण्याचा धोका नको हे एक कारण, आणि ज्याला दहा किलो तांदूळ न्यायचा आहे तो वाकतोच, हे दुसरे. कंबर ते डोळे एवढ्या पट्ट्यात जे ठेवाल ते खपते, हे खरे आहे. त्या पट्ट्यासाठी कंपन्यांची माणसे ज्या चिकाटीने चकरा मारतात, त्यावरूनही ते कळते.

कशाच्या शेजारी काय ठेवावे, याबद्दल मला सांगण्यासारखे पुष्कळ आहे, कारण इथे बाहेरचे कोणतेही चित्र कामाला आले नाही. मोठ्या दुकानांत डाळी एकीकडे, पिठे दुसरीकडे आणि सुकामेवा तिसरीकडे असतो. आमच्याकडचे गिऱ्हाईक मात्र पदार्थ किंवा प्रसंग डोक्यात धरून येते. म्हणून डाव्या भिंतीवर मी उपवासाची एक फळी केली: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, शेंगदाणे, सैंधव. यातले शेंगदाणे दुकानात दुसरीकडेही आहेत, पण या फळीवर ते हवेतच. बार्शी भगवंताचे, म्हणजे विष्णूचे, गाव असल्यामुळे एकादशीच्या आदल्या संध्याकाळी ही एक फळी दुकानातल्या कोणत्याही फळीपेक्षा लवकर रिकामी होते. तिच्या शेजारी पूजेचे सामान: सुपारी, हळकुंडे, खारका, वाती, कापूर. इथे एक चूक झाली. कापूर आणि अगरबत्तीच्या बरोबर खालच्या फळीवर मी चहापत्ती ठेवली होती, आणि दोन आठवड्यांनी एका शिक्षकांनी पुडा परत आणून दिला, म्हणाले, ‘वहिनी, चहा पितोय का आरती करतोय ते कळेना.’ चहा आणि रवा वास लगेच ओढून घेतात. आता सुवासाचे आणि धुण्याचे सगळे सामान उजव्या वाटेच्या शेवटी आहे. फिनेल आणि संडास धुण्याच्या बाटल्या तर मधल्या ओळीच्या पार मागच्या टोकाला, पिठापासून आणि देवाच्या सामानापासून जितक्या दूर जातील तितक्या दूर. हे अंतर स्वच्छतेसाठी लागतेच, पण त्याहून जास्त ते गिऱ्हाइकाच्या मनासाठी लागते.

एका फळीबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. जुन्या दुकानात सॅनिटरी पॅडचे पाकीट मागताना बायका आवाज खाली आणत, मामा दुसरीकडे पाहत ते वर्तमानपत्रात गुंडाळत आणि शेजारी उभे असलेले सगळे पुरुष एकाएकी रस्त्याकडे पाहू लागत. कोणत्या प्रकारचे हवे हे विचारण्याची तर सोयच नव्हती. नव्या दुकानात ती फळी मी उजव्या वाटेच्या मध्यावर, लहान बाळांच्या सामानाशेजारी ठेवली, जिथून ती गल्ल्यावरून थेट दिसत नाही. मुली तिथे थांबतात, पाकीट उलटून मागचे वाचतात, किंमत ताडून पाहतात आणि मग घेतात. पूर्वी आमच्याकडे एकच प्रकार होता आणि आता सहा आहेत. नमुने कमी करण्याच्या माझ्या मोहिमेत वाढलेली ही एकच फळी.

दूध, पाव असा रोजचा माल सगळ्यात आत ठेवावा, म्हणजे माणूस सगळे दुकान ओलांडून जातो, असा सल्ला जगभर दिला जातो. मोठ्या दुकानात तो बरोबरही असेल. आमच्याकडे दुधाचे क्रेट पहाटे येतात, त्यातून पाणी ठिबकते आणि घेणारा माणूस झोपेतून उठून हातात मोजके पैसे घेऊन आलेला असतो. त्याला ४२ फूट चालायला लावले तर तो शेजारच्या टपरीवर जाईल. दूध दाराबाहेर पायरीवरच ठेवले आहे. सॉन्डर्सची एकाच वाटेची युक्तीही मी महिनाभरात मोडली. मधली ओळ सलग असल्यामुळे नुसती काडेपेटी घ्यायला आलेल्या माणसालाही पूर्ण फेरी मारावी लागत होती, आणि पांगरीच्या एका गिऱ्हाइकाने मला सरळ विचारले, ‘कशाला फिरवताय आम्हाला?’ मेम्फिसमध्ये गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखत नसेल. इथे ते घरी येऊन चहा पिऊन जाते, त्यामुळे युक्ती केली तर ती त्याला कळते आणि लागते. मधल्या ओळीतला तीन फुटांचा एक रॅक काढून मी वाट मोकळी केली. दुकानातली मुले तिला खिंड म्हणतात.

सगळ्यात मोठी दुरुस्ती दाराशी झाली. दुकान नवीन झाल्यावर वैराग-पांगरीकडून येणाऱ्या वयस्क बायका पायरीशी थांबत आणि चपला काढू लागत. फरशी चकचकीत, आत दिवे, मग तसेच कसे शिरायचे? काही जणी आत येतच नसत. उंबऱ्याबाहेरूनच यादी सांगायला सुरुवात करत, समोर मामा दिसोत वा न दिसोत. किशोर बियाणी यांनी बिग बझारच्या मांडणीत मुद्दाम गर्दी आणि ढीग ठेवले होते, कारण मोकळे, नीटनेटके दुकान आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला महाग वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा अर्थ मला त्या चपलांकडे पाहून कळला. तूरडाळीसाठी नाव असलेल्या या गावात डाळ मुठीत घेऊन, दोन दाणे दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय न घेणारी माणसे आहेत, आणि आम्ही त्यांच्यापुढे प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली डाळ ठेवली होती.

म्हणून दारापासूनचे पहिले नऊ फूट मी रॅकमधून पूर्ण सोडवून घेतले. डाव्या हाताला पाच फुटांचा जुना लाकडी काउंटर परत आला, त्यावर दोन्ही बाजूंनी आकडा दिसणारा काटा, पुढे सुट्या डाळी-कडधान्यांची उघडी घमेली, मागे मामा. वर सुतळीसुद्धा आहे. जुन्या काउंटरच्या उरलेल्या फळ्यांचे एक बाक करून घेतले आणि ते काउंटर व मधली ओळ यांच्यामधल्या मोकळ्या जागेत ठेवले. यादी आणणारे माणूस बाकावर बसते, मामा किंवा एखादा मुलगा आत जाऊन टोपली भरून आणतो, आणि ज्याला स्वतः फिरायचे आहे तो बाकाला वळसा घालून डाव्या वाटेला लागतो. वेलदोडे, केशर, काजू आणि ब्लेड गल्ल्यामागे गेले आहेत, कारण फळीवरून तेवढेच नाहीसे होत होते. बाकावर बसलेल्या बायका आतून भरलेल्या टोपल्या येता-जाता पाहतात, कोणी काय नवीन नेले ते विचारतात आणि कधी कधी पिशवी बाकावर ठेवून स्वतःच आत डोकावून येतात. मी कोणालाही आत चला म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात एका आइस्क्रीम कंपनीचा सेल्समन आला होता. फ्रीझर फुकट देतो, स्कीमही चांगली आहे, फक्त तो दाराजवळ दिसला पाहिजे, अशी त्याची अट आहे. फ्रीझर चार फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर मी मोजपट्टी आणि खडू घेऊन बसले. बाक हलवले तर तो अगदी चपखल बसतो, आणि बाक ठेवायचे म्हटले तर डाव्या वाटेचे तोंड अडीच फुटांवर येते. अण्णा गल्ल्यावरून पाहत होते. ते काही बोलले नाहीत, उठून बाकावर येऊन बसले आणि मी मारलेल्या रेघेवर त्यांनी पाय ठेवला. सेल्समन सोमवारी उत्तर घ्यायला येणार आहे.